बालवाडीसमोरच्या पारावरची मोजणी

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे. उंद्रीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालवाडीसमोरच्या पारावर कोण बसते याची आमच्या मोहल्ल्याने हाती घेतलेली मोजणी सुरू झाली. नगर परिषद आमच्या या चौकात नवे बाक बसवणार होती. ते पानटपरीजवळ बसवायचे की बालवाडीच्या फाटकाजवळ, हे अभियंता त्याच दिवशी ठरवणार होते. मुलांना न्यायला आलेल्या आया फाटकाजवळ रोज उन्हात ताटकळत. अभियंत्यांची अट एकच होती: बायका चौकात बसतात, हे आकड्यांनी दाखवा.

मी नुकतीच संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाले होते. असली अट मला मेजवानीसारखी वाटली. आयांच्या हाती मी दोन डबे दिले. पारावर पुरुष बसला की एकात चिंचोका, बाई बसली की दुसऱ्यात. थोड्याच वेळात पुरुषांचा डबा खुळखुळू लागला. बायकांचा मात्र रिकामाच राहिला.

"काकू, तुम्ही सगळ्याजणी इथे आहात की!" मी त्यांच्यातल्या थोरल्या बाईंना म्हटले.

"आम्ही कुठं बसलो वं? उभ्या हाओत. अन् आम्ही तं मोजणाऱ्या!"

दोन्ही हरकती बिनतोड होत्या, कारण दोन्ही माझ्याच नियमावलीतल्या होत्या: निरीक्षकाने उभे राहावे आणि स्वतःला मोजू नये. नियम मोडणे मला मान्य नव्हते, तेव्हा मी निरीक्षकच बदलले. डबे पारावर बसलेल्या एका वयस्क काकाजींकडे सोपवले आणि उभे राहण्याचा नियम समजावून सांगितला.

"म्हणजे या वयात उमेदवार झालो बे आपण!" असे म्हणत त्यांनी सगळ्यांना उठवले. पार मोकळा झाला. आया बसल्या. चिंचोके भराभर पडू लागले.

नेमके तेव्हाच अभियंता आले. "अरे वा! बायका तर ऐसपैस बसल्या आहेत. मग फाटकाजवळ बाक कशाला?"

माझे गृहीतक इतके उत्तम सिद्ध झाले होते, की फाटकाजवळच्या बाकांची गरजच संपली होती.

काकू मात्र उठल्या. काकाजींच्या हातातला बायकांचा डबा घेऊन त्यांनी तो अभियंत्यांना दिला. "साहेब, आता हे बुवा परत पारावर बसतीन अन् आम्ही फाटकापाशी जाऊ. तिथलं तुम्हीच मोजा. पण मोजणाऱ्यानं बसाचं नाही, या पोरीचा नेम हाये."

बालवाडी सुटायला अजून वीस मिनिटे होती. पुरुष पुन्हा पारावर विसावले, आया फाटकाजवळ उभ्या राहिल्या आणि त्यांच्याशेजारी, भर उन्हात, डबा धरून अभियंता. दहाव्या मिनिटाला त्यांनी डोक्यावर रुमाल घेतला.

"साहेब, टोपी पाह्यजे काय?" पारावरून काकाजींनी विचारले.

अभियंता माझ्याकडे वळले. "मॅडम, या भिंतीलगत किती मावतील?"

टेप माझ्याकडे होताच. मी भिंत मोजली, त्यांनी मान डोलावली आणि मी नोंद केली: फाटकाजवळ बाक, चार.