काकांच्या रायफलची साइट

त्या रायफलचा विषय निघाला की आजही माझा मलाच राग येतो. नोकरीत मोठमोठे गुन्हे हाताळले, आणि माती खाल्ली ती या किरकोळ प्रकरणात.

दोन हजारच्या दशकात मी उत्तर-पश्चिम लंडनमध्ये डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. एका सकाळी स्टॅनमोरहून ओळखीच्या काकांचा फोन आला. काका निवृत्त इंजिनिअर, आमच्या मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष. जुन्या लष्करी रायफली जमवायचा त्यांना नाद होता. त्या रायफलींच्या गोळ्या आता बनत नाहीत, म्हणून त्या घरात शोभेला ठेवायला कायद्याची हरकत नव्हती.

"अरे, माझ्या सगळ्यात जुन्या रायफलची साइट चोरली," काका म्हणाले. "ओरिजिनल काढून भलतीच बसवलीय. मी, तुझी काकू आणि वरच्या खोलीतला भाडेकरू, घरात दुसरं आहे कोण?"

साइट म्हणजे नेम धरायला नळीवर बसवलेली पट्टी. आदल्या रविवारी काकांनी मंडळाच्या लोकांना जेवायला बोलावलं होतं आणि एका जाणकार इंग्रज संग्राहकालाही. पट्टीवरचे अंतराचे आकडे नंतरच्या मॉडेलचे आहेत, हे त्याने सगळ्यांदेखत सांगितलं. भाडेकरू इंटरनेटवर जुन्या वस्तू विकतो, अशी पुस्ती काकांनी फोनवर जोडली. एवढं मला पुरलं. ओळखीच्या माणसाची तक्रार खरं तर दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. मी दिली नाही.

भाडेकरू नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. व्हिसा वाढवायची वेळ दोन महिन्यांवर आलेली. आम्ही त्याला अटक केली, हक्क वाचून दाखवले, खोलीची झडती घेतली. जुने कॅमेरे सापडले, साइट नाही. इंटरव्ह्यू रूममध्ये वकिलासमोर टेप सुरू केला. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, पण घाबरून तो मराठीवर आला.

"सर, आईशपथ, त्या रायफलला मी एकदाच हात लावला. दसऱ्याला. काका दरवर्षी शस्त्रपूजा करतात, मला म्हणाले, तूही कुंकू वाहा. ऑगस्टमध्ये तर मी राहायला आलो. सर, केस झाली तर मला परत पाठवतील हो!"

शपथा सगळेच घेतात, त्याचं मला काही वाटत नाही. पण दसऱ्याचं ते बोलणं डोक्यातून जाईना. त्याला जामिनावर सोडलं आणि रायफल आमच्या शस्त्रागारातल्या म्हाताऱ्या तंत्रज्ञाकडे नेली. ती साइट दोन स्क्रूंवर बसवलेली होती. स्क्रूंच्या खाचेत काहीतरी लाल होतं.

"गंज," तो म्हणाला.

मी वाकून पाहिलं. कसला गंज? कुंकू होतं. तेलात मुरून दगडासारखं घट्ट झालेलं. त्याने सुईने टोकरलं, तर तेलाचा काळा पापुद्रा, खाली लाल, पुन्हा काळा, पुन्हा लाल. "या स्क्रूला कित्येक वर्षांत स्क्रूड्रायव्हर लागलेला नाही," तो म्हणाला. मी चरकलो. एका दसऱ्यात एवढे थर बसत नाहीत.

त्याच दुपारी काकांकडे गेलो. त्यांनी नेहमीसारखं चहाचं विचारलं. मी नको म्हणालो.

"काका, ही साइट कधीपासून आहे?"

ते टीपॉयवरचे पेपर आवरायला लागले. शेवटी काकूच स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अहो, सांगा की आता खरं! लेकरू रडत गेलं घरातून."

"घेतली तेव्हापासून हीच आहे," काका म्हणाले. "वीस वर्षं लोकांना ओरिजिनल म्हणून दाखवली. त्या माणसाने चारचौघांत माझं नाक कापलं. मग सुचलं ते बोलून गेलो. एवढं होईल असं वाटलं नव्हतं रे."

पोलिसांना खोटी माहिती दिल्याबद्दल त्यांना ताकीद मिळाली. वयाकडे पाहून कोर्टापर्यंत गेलं नाही.

निर्दोष असल्याचं पत्र घेऊन मी स्वतः भाडेकरूकडे गेलो. तो हॅरोत मित्राकडे राहत होता. हॉलमध्ये बॅगा भरून ठेवलेल्या. अटकेचं कळताच कंपनीने त्याला काढलं होतं, आणि नोकरी नाही म्हणजे व्हिसाही नाही. त्याने पत्र दोनदा वाचलं, नीट घडी घातली.

"सर, मला पकडायच्या आधी ती रायफल का नाही बघितलीत?"

मी कामाचा ताण, कार्यपद्धती असं काहीबाही बोललो. त्याने मान हलवली आणि मला दारापर्यंत सोडायला आला.

पुराव्याआधी माणसावर विश्वास ठेवू नये, हे मी पुढे नव्या अधिकाऱ्यांना अनेकदा शिकवलं. त्या मुलाला द्यायचं उत्तर मात्र माझ्याकडे तेव्हाही होतं. रायफल बघायची म्हणजे काकांवर संशय घ्यावा लागला असता, आणि त्यापेक्षा त्याला पकडणं मला सोपं वाटलं.