मोठ्यांना येणारा फोन

शिलाई मशीन घेऊन कोणीही दारात उभं राहिलं, की काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "तेल कधी घातलं होतं?" समोरचा माणूस छताकडे बघू लागला, की निम्मं दुखणं त्यांना तिथंच कळायचं. चाळीस वर्षं हा एकच प्रश्न विचारून त्यांना तेलकाका हे नाव पडलं. थोरली बहीण सोडली तर त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं.

जिन्याखालची एक खोली म्हणजे त्यांचं दुकान. भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पट्टे, बिस्किटांच्या जुन्या डब्यांत बॉबिनी आणि स्क्रू, खिडकीपाशी बसायचं बाक. गेल्या काही वर्षांत त्यांचे हात थरथरू लागले होते. सुईत दोरा ओवायला पाच-पाच वेळा प्रयत्न करावा लागे, आणि गिऱ्हाईक बघत असलं तर सहा. तेव्हा लेकीने त्यांना एक वेबसाइट काढून दिली. ती म्हणाली, "बाबा, हात थकलेत, डोकं नाही ना? लिहा की."

काका लिहू लागले. ज्या मशीनचे कारखाने केव्हाच बंद झाले, ज्यांची माहितीपुस्तकं रद्दीत गेली, त्यांची दुखणी आणि त्यांवरचे इलाज. दोनशे चौदा पानं झाली. कुठून कुठून लोकांची पत्रं येत. एका बाईंनी त्यांचं पान समोर ठेवून आपल्या आईचं मशीन सुरू केलं आणि त्याचा नुसता आवाज पाठवला. काकांनी तो तीनदा ऐकला, चष्मा पुसला, आणि उत्तर लिहिलं, 'फार छान. पण तेल कमी आहे.'

साइटचा वर्षाचा खर्च पानांवरच्या जाहिरातींतून निघायचा. एका सकाळी जाहिरात कंपनीचं पत्र आलं. तुमच्या पानांवर अयोग्य हालचाल आढळली आहे, म्हणून जाहिराती थांबवत आहोत. अपील एकदाच करता येईल. खाली सही नव्हती, फोन नंबर नव्हता. वर्षअखेरपर्यंत जाहिराती परत आल्या नाहीत तर साइट बंद करावी लागणार होती, आणि दोनशे चौदा पानं पुन्हा काकांच्या डोक्यात, जिथं ती चाळीस वर्षं होती तिथंच, जाऊन बसणार होती. ते डोकं आता सत्तरी ओलांडून गेलं होतं.

काकांनी कंपनीचे नियम लेकीकडून छापून घेतले आणि मशीन उघडावं तसे एकेक सुटे करून वाचले. जाहिरात बटणाला चिकटलेली नसावी. मजकुरापेक्षा जाहिराती जास्त नसाव्यात. जाहिरात वाचणाऱ्याच्या तोंडावर येऊन उभी राहू नये. पट्टी घेऊन त्यांनी आपली सगळी पानं पडद्यावर मोजली. कुठंच काही वावगं नव्हतं. मग त्यांनी मोठमोठ्या साइट मोजायला घेतल्या आणि त्यांचे डोळेच उघडले. एका बड्या वर्तमानपत्राच्या पानावर बातमीच्या चार ओळी आणि जाहिराती सात. 'पुढे वाचा' म्हणून बोट टेकवावं, तर ते चपलांच्या दुकानात उघडावं. काकांनी वही केली. तारीख, साइट, कोणता नियम मोडला, किती अंतर. दोन आठवड्यांत वही निम्मी भरली.

"मोठ्यांना सगळं माफ," ते जेवताना म्हणत. वरच्या मजल्यावर राहणारी थोरली बहीण, अक्का, जेवायला खाली येई. ती मान हलवायची आणि रोज विचारायची, साइट बरी आहे ना. काका बरी आहे म्हणायचे. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईच्या जिवाला घोर कशाला लावायचा?

तीन पानी अपील लिहून तयार झालं. वहीतली सगळी यादी त्यात होती. लेक आणखी एकदा वाचू म्हणत होती, काकांना मात्र ते त्याच दिवशी पाठवायचं होतं. नेमक्या त्या सकाळी एक बाई दुरुस्त केलेलं मशीन न्यायला आल्या. त्या त्याच बड्या वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर जाहिरातींचं काम बघत. हे कळल्यावर काकांनी मशीन बाजूला ठेवलं आणि वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली.

बाईंनी चार पानं वाचली आणि त्यांना हसू आवरेना. "काका, हे सगळं खरं आहे. आमच्याकडे कोणी ठेवलं नसेल इतकं नीट लिहिलंय तुम्ही."

"मग तुम्हाला नियम वेगळे का?"

"नियम एकच आहेत. आमच्यासाठी त्या जाहिरात कंपनीत एक माणूस नेमलेला आहे, एवढाच फरक." बाईंनी थोडा विचार केला आणि पुढे सांगितलं, की गेल्या वर्षी नवं पान तपासताना त्यांच्याच ऑफिसातल्या लोकांनी दोन दिवस जाहिरातींवर बोट दाबून त्या उघडल्या होत्या. जाहिरात दाबली की साइटला पैसे मिळतात, म्हणून आपल्याच साइटच्या जाहिराती आपणच दाबायच्या नसतात. त्या माणसाचा फोन आला, काय चाललंय म्हणून. यांनी खरं ते सांगितलं, त्याने सुधारायला पंधरा दिवस दिले, विषय संपला. "तुमच्या पत्रातली अयोग्य हालचाल म्हणजे बहुतेक तेच. तुमच्या घरातलं कोणी दाबतं का?"

काकांना राग आला. घरात आहेत कोण? लेक, ती असलं करणार नाही. आणि अक्का.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिना चढून वर गेले. अक्का खिडकीत खुर्ची घेऊन बसली होती, हातात फोन, नाकावर चष्मा. काकांचं एक पान उघडायची, खालपर्यंत न्यायची, मशीनच्या चित्रांवर एकेक बोट दाबायची, मग दुसरं पान. हातात घेतलेलं काम तिने आयुष्यात कधी अर्धवट टाकलं नव्हतं. काकांचे पाढेसुद्धा तिनेच असे रोज सकाळी बसवून घेतले होते.

"काय करतेस गं?"

"अरे, जाहिराती दिसेनाशा झाल्यात," अक्का म्हणाली. "सहा महिने झाले, अंघोळ झाली की दहा पानं दाबते. तुझी लेकच म्हणाली होती, कोणी दाबलं की साइटला मदत होते. ट्रकचे टायर दाबले, टक्कल घालवायचं औषध दाबलं. एक दिवस चुकवला नाही. आता नुसतं चित्रांवर दाबतेय, एखादी खाली दडून बसली असली तर."

काका तिच्या पलंगाच्या कडेवर बसले. सांगावं की न सांगावं, हे त्यांना पाच मिनिटं कळेना. न सांगावं तर जाहिराती परत आल्यावर ती पुन्हा दाबणार. शेवटी सांगितलं. अक्काने फोन मांडीवर उलटा ठेवला. 

"म्हणजे मीच बुडवलं तुला."

"अजून बुडलो नाही."

"मग त्या मोठ्यांच्या बहिणी नाही का दाबत?"

"दाबत असतील की. पण त्यांना आधी कोणीतरी विचारतं."

खाली येऊन काकांनी तीन पानी अपील बाजूला ठेवलं आणि नवं लिहिलं. 'जाहिराती माझ्या बहिणीने दाबल्या. वय एक्क्याऐंशी. हेतू मदतीचा. यापुढे होणार नाही. मोठ्या साइटकडून हीच चूक झाली तेव्हा आपण फोन करून विचारलंत, असं कळलं. मलाही विचारलं असतंत, तर हे मी त्याच दिवशी सांगितलं असतं.' लेकीला शेवटची दोन वाक्यं काढावीशी वाटली. उगाच चिडायचे, ती म्हणाली. चिडायलासुद्धा ती वाचणारं कोणीतरी लागेल, असं म्हणून काकांनी ती राहू दिली.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. आपल्या पानांवरील जाहिराती पूर्ववत सुरू करत आहोत. खाली सही नव्हती. शेवटच्या दोन वाक्यांचं उत्तरही नव्हतं. काकांनी वहीत तारीख घातली आणि लिहिलं, 'उत्तर आलं. फोन नाही.'

वही त्यांनी बंद केली नाही, बड्या साइटची मोजमापं अजून चालू आहेत. अक्काही रोज सकाळी त्यांची पानं उघडते, पण आता नुसती वाचते. फोन मात्र दोन्ही हातांनी कडेला धरते, गरम भांडं धरावं तसा, आणि पान पुढे न्यायचं असलं की जिन्यातून खाली काकांना हाक मारते.