उभ्यानं लिहायचं इंग्रजी

पेंडसेबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी द्रोणागिरीतल्या आमच्या गोदामात केळं खात उभा होतो. "सावंत, बाई सकाळी गेल्या," नेरूळहून त्यांची शेजारीण म्हणाली. आणि मला काय सुचावं, तर इंग्रजी वाक्य... 'ईटिंग अ बनाना, सावंत हर्ड द न्यूज.' बाईंनी ते पास केलं असतं. केळं खरं होतं, खाणारा मीच होतो आणि बातमी ऐकणाराही मीच.

सहा-सात वर्षांपूर्वी, म्हणजे नव्वदच्या सुमारास, नेरूळमध्ये माणसांपेक्षा रिकामे फ्लॅट जास्त होते. सुपरवायझर व्हायचं तर रिपोर्ट इंग्रजीत लिहिता आला पाहिजे, असा आमच्या साहेबांचा हट्ट. म्हणून अडतिसाव्या वर्षी मी या निवृत्त शिक्षिकेच्या दिवाणखान्यात विद्यार्थी झालो. धडा कोणता, तर पार्टिसिपल क्लॉज. 'दार उघडत', 'मागून ढकलला गेलेला' असे वाक्याच्या तोंडाशी लटकणारे तुकडे. एकात माणूस काम करतो, दुसऱ्यात त्याच्यावर काम होतं. बाईंचा नियम एकच, वाक्य आधी करून दाखवायचं, मग वहीत लिहायचं. 'ओपनिंग द डोअर' म्हटलं की दार आपण उघडायचं आणि पुढचं कामही आपणच करायचं. 'पुश्ड फ्रॉम बिहाइंड' आलं की नुसतं उभं राहायचं, ढकलायला त्या स्वतः येत. साठी उलटलेली ती काडी मला अशी ढकलायची की मी थेट शोकेसवर! माझ्या अंगातला नट जागा व्हायचा, मी "अयाई गं, मेलो!" म्हणून कोसळायचो आणि बाई शांतपणे म्हणायच्या, "सावंत, ते वाक्यात नाही."

मग एक दिवस गोदामात तेलाचा ड्रम उंचावरून पडून फुटला. खाली उभा असलेला माने हमाल उडी मारून वाचला. साहेबांनी मला केबिनमध्ये घेतलं. "रिपोर्ट तू लिही. मान्याचं नाव घाल, विषय संपव. तुझं सुपरवायझरचं पत्र टायपिंगला दिलंय." माने साताऱ्याकडचा, त्याची नोकरी गेली तर गावी चूल थंड. हे मला माहीत होतं, तरी मी लिहिलं, 'लिफ्टिंग द ड्रम केअरलेसली, माने ड्रॉप्ड इट.' आणि खरं सांगतो, वाक्य इतकं झकास जमलं होतं की मी ते बाईंकडे कौतुक करून घ्यायलाच नेलं.

"व्याकरण ठीक आहे. करून दाखवा."

मी तांदळाचा डबा उचलून मानेसारखा वाकलो. "पण माने कुठे होता?" बाईंनी विचारलं. खाली, असं मी सांगितलं. "मग ड्रम त्याच्या हातात कसा?" फोर्कलिफ्टनं वर नेला होता, मी म्हणालो. बाईंनी डबा कपाटावर ठेवायला लावला आणि स्वतः खाली जाऊन उभ्या राहिल्या. "मी माने. तुम्ही बाकीचं करा." मी रंगात आलो. तोंडानं फोर्कलिफ्टची घरघर काढली आणि ड्रायव्हरला इशारा द्यायच्या रोजच्या सवयीनं हात हलवला, "चल, चल, येऊ दे, अजून येऊ दे..."

तो हात हवेतच राहिला.

"हा हात कोणाचा, सावंत?"

"माझा."

त्यानंतर मी पुष्कळ बोललो. प्रमोशन, बायकोला दिलेला शब्द, साहेबांचा हुकूम. बाईंनी सगळं ऐकलं, पण डब्याखालून हलल्या नाहीत. शेवटी तिथेच उभ्यानं मी रिपोर्ट पुन्हा लिहिला, त्या दिवशी फोर्कलिफ्टला इशारा करणाऱ्याच्या जागी माझं नाव घालून. बाईंनी एक स्वल्पविराम दुरुस्त केला. शाबासकी वगैरे काही नाही.

टायपिंगला गेलेलं माझं पत्र तीन वर्षांनी बाहेर आलं. माने मात्र दुसऱ्या दिवशी कामावर होता.

मागच्या आठवड्यात गोदामात एक खोकं फुटलं. मी केबिनचं दार लोटून हातवारे करत होतो, तेवढ्यात माने आत डोकावला.

"सायेब, बरं हाय न्हवं?"

"रिपोर्ट लिहितोय रे."

"हुब्यानं?"

"बसून लिहिला की दुसऱ्याचं नाव पडतं."

मानेनं मधली खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि विचारलं, "म्या कुठं हुबा ऱ्हाऊ?"