रेंज नव्हती

गेल्या वर्षी सप्टेंबरमधल्या एका दुपारी, पूर्णेच्या पात्रातून पाण्याची मोटार काढताना मारोतीचा उजवा पाय तिच्याखाली अडकला. तो गुडघ्याखाली कापावा लागला. एवढं गावाला ठाऊक आहे. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे, शेतीही करतो. वरच्या धरणातून पाणी सुटणार असलं की आमच्या गावात नदीवर मोटारी असलेले शेतकरी एकत्र येतात आणि सगळ्यांच्या मोटारी काठावर ओढून घेतात. ज्याची मोटार, त्यानं पाण्यात उतरून दोर बांधायचा, बाकीच्यांनी ओढायचं. म्होरक्याची मोटार सर्वांत शेवटी. म्होरक्या मी होतो. मीच का? बातमी माझ्याकडे आधी येते, असा लोकांचा समज.

त्या दुपारी एक सोडून सगळ्या मोटारी निघाल्या. पाणी गढूळ झालं होतं. मारोतीचं शेत माझ्या बांधाला लागून. त्यानं पाण्याकडं पाहिलं.

"दादा, पाणी चढायलंय. ऱ्हाऊ द्या आता ती."

माणसांनी दोर खाली टाकला. ती घाबरली होती — मीही. मी खिशातून फोन काढला, थोडा बाजूला गेलो, 'हो साहेब, बरं साहेब' म्हणालो. परत येऊन शांतपणे सांगितलं, "धरणाचे दरवाजे अजून उघडले नाहीत. निवांत काढू."

"पत्रकारानं सांगितल्यावर पाणी बी थांबतंय की!" कुणीतरी म्हणालं. माणसं हसली. दोर पुन्हा हातात आला.

नदीच्या त्या वळणावर फोनला रेंज नसते. त्या दुपारीही नव्हती.

हे धीर देणं होतं का? बरेच दिवस मी स्वतःला तसंच समजावलं — म्होरक्याचा चेहरा पडला की सगळ्यांचे हात पडतात, म्हणून. पण हात कशासाठी चालू राहायला हवे होते? राहिलेली मोटार — कशी सांगू? — माझी होती. आणि रिवाजानं पाण्यात उतरायचं होतं मी.

मी म्हणालो, साहेबांचा पुन्हा फोन येणार आहे.

"तुमी थांबा दादा. मी बांधतो," मारोती म्हणाला.

मी थांबलो.

पाणी एकदम वाढलं आणि मोटार कलंडली. त्यानंतर मी काठावरून मोठ्यानं सूचना दिल्या. आवाज कापला नाही. मारोतीला दोरानंच बाहेर ओढलं. गावाला तो आवाज आठवतो. त्याबद्दल मला शाल आणि नारळ मिळाला. मी दोन्ही घेतलं.

बातमीही मीच पाठवली. 'पाणी सुटले नसल्याच्या माहितीवरून ग्रामस्थ पात्रात थांबले होते,' असं वाक्य त्यात होतं. माहिती कुणी दिली, ते नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या बातमीत असं वाक्य आलं असतं, तर मी पहिला प्रश्न तोच विचारला असता. मला कुणी विचारला नाही. गावानं दोष धरणावरच्या माणसांना दिला. मी तो खोडला नाही.

दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मारोतीची बायको सांगायची, "दादा व्हते म्हणून कुंकू ऱ्हायलं." मी शेजारच्या स्टुलावर बसलेला असायचो. तिथून उठून गेलो असतो, तर निदान — पण नाही. बसून राहिलो.

यंदा मोटारी काढायची वेळ आली. म्होरक्या कोण, अशी पारावर विचारणा झाली. मारोती कुबडी टेकून उभा राहिला आणि त्यानं माझं नाव घेतलं. दुसरं नाव आलं नाही.

मी हो म्हणालो.