दोन छत्र्या आणि एक वीत

सावेडीतल्या यच्चयावत लिफ्टांनी कुणाची धास्ती घेतली असेल, तर ती आमच्या समोरच्या इमारतीतल्या सिस्टरांची. सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरात काढलेल्या या बाई नव्या लिफ्टमध्ये शिरल्या, की आधी वाकून आपली लांब दांड्याची छत्री जमिनीवर आडवी ठेवायच्या. दोन छत्र्या आणि एक वीत म्हणजे स्ट्रेचर, हे त्यांचं माप. एका लग्नात वरात दारात असताना यांनी हॉलच्या मॅनेजरला गाठलं होतं. "पंगत झकास हाय हो, पन इथं कुनाला चक्कर आली तर खाली न्यायचं कसं? रुखवतात गुंडाळून?" भिशीला पावभाजी खाताना त्या भूल दिलेल्या माणसाची जीभ कशी मागे पडते ते रंगवून सांगायच्या. वाढदिवसाला रक्तगट लिहिलेलं कार्ड भेट द्यायच्या. माझं अजून पाकिटात आहे.

मी याद्या करणारी बाई. माझ्या लेकीचा, जुईचा, जन्म झाला त्या महिला व बाल रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर 'सौंदर्य विभाग' सुरू झाल्याचा फलक दिसला, आणि घरी येताच मी यादी केली. तीन वर्षांची असताना जुईच्या अंगावर चहा सांडला होता, त्याचा डाग गळ्यावर राहिला होता. आता ती दहा वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत डाग काढायचा, शाळा बुडणार नाही. पुढून उघडणारे फ्रॉक, मऊ भात कोण आणणार, असे अकरा मुद्दे. जुईला घेऊन तिथे चौकशीला गेले, तेव्हा सिस्टरांना मी केवळ सोबत म्हणून नेलं.

"ऑपरेशन करनारे प्लास्टिक सर्जन का?" त्यांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"सरांनी कोर्स केलाय, आजी."

"किती दिवसांचा?"

मुलगी कॉम्प्युटरमध्ये बघू लागली.

"बरं, भूल कोन देनार? लेकरांना देनारे का मोठ्यांना?"

"बाहेरून येतात. विचारून सांगते."

"आनि मागनं लेकराचा श्वास अडकला तर?"

"खाली अॅम्ब्युलन्स आहे ना!"

खाली म्हटल्याबरोबर छत्री निघाली. काचेची लिफ्ट, आत आरसा, गुलाबी दिवे. भरली दीड छत्री.

"पोरीला खाली आननार कशी? उभी करून?"

"व्हीलचेअर आहे."

"बेशुद्ध मानूस खुर्चीत बसतं व्हय गं?"

सगळे बघत होते. मी पुटपुटले, "सिस्टर, पुरे. तुमची नोकरी संपली आता." ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

त्या रागावल्या नाहीत. जुईकडे वळून म्हणाल्या, "माझ्याकडं तोंड वर करून बघ." जुई नेहमीसारखी कमरेतून मागे कलली. सिस्टरांनी गॅलरीतून हाक मारली की ती अशीच बघायची. मला वाटे, सवय आहे.

"ओढतं का गं?"

"हो. डाग राहिला तरी चालेल, आजी. ओढणं नको."

माझ्या अकरा मुद्द्यांत हे कुठेच नव्हतं.

"ही डागाची न्हाई, मानेची गोष्ट हाय. जळकी कातडी आखडलीय," सिस्टर म्हणाल्या. "जळिताचे उपचार करतात तिथं न्यायची."

तशी नेली. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्यांनी माझ्याच वहीत लिहून दिले, आणि मोठ्या हॉस्पिटलात प्रत्येकाला नीट उत्तर मिळालं. तिथल्या लिफ्टमध्ये दोन छत्र्या, एक वीत भरून वर चार बोटं उरली. जुईचं ऑपरेशन चालू असेपर्यंत सिस्टर छत्री मुठीत धरून बसल्या होत्या.

गुडघ्यांमुळे त्या आता श्रीगोंद्याला भाच्याकडे राहतात. समोरची गॅलरी बंद असते. जुईच्या गळ्यावर फिकट डाग आहे, त्याबद्दल ती बोलतही नाही. शाळेला निघताना मात्र फाटकाशी थांबते, कंबर सरळ ठेवून हनुवटी पार वर करते आणि त्या बंद गॅलरीकडे बघते. माझ्या वेळापत्रकात तेवढी दोन मिनिटं मी धरून ठेवलेली आहेत.