राक्षसाचं पडणं

माझा भाऊ काल दुपारी टीव्हीसमोर बसल्या बसल्या गेला, आणि मला हायसं वाटलं.

हे वाचून ज्यांना धक्का बसला, त्यांनी पुढे वाचावं.

कालपासून फोन येतायत, कमेंट येतायत. "एवढा मोठा दशावतारी कलाकार. खरं तर स्टेजवरच जायला हवा होता."

नाही. अजिबात नाही.

दादाने जन्मभर राक्षस केले. राक्षसाचं काम म्हणजे युद्ध, आणि युद्धाचा शेवट ठरलेला. पडायचं.

लोक ते पडणं बघायला लांबून यायचे. आधी डावा हात टेकायचा, मग खांदा, मग पाठ. उजव्या हाताने मुकुट सावरलेला. मुकुटाची रोज पूजा व्हायची, तो जमिनीला लागता कामा नये.

काही वर्षांपूर्वी मसुऱ्याला एका पूजेनिमित्त संध्याकाळचा प्रयोग होता. मी दुसऱ्या रांगेत. युद्ध रंगलं, पखवाज चढला, आणि दादा सरळ तोंडावर पडला.

मुकुट घरंगळत पेटीवाल्यापर्यंत गेला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिट्ट्या मारल्या. कोणीतरी 'वन्स मोअर' ओरडलं.

मी उठले आणि स्टेजवर चढले. चपलांसकट.

"ओ बाई, खाली उतरा! चपला काढा आधी!"

नायक तलवार उगारून आपलं भाषण म्हणतच होता. त्याला एका हाताने बाजूला केला.

हार्ट अटॅक.

दादा वाचला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "यापुढे युद्ध बंद."

वहिनी आधीच गेलेली, म्हणून त्याला मालवणला माझ्याकडे आणला. माझी खरी काळजी तिथून सुरू झाली. जत्रांचा मोसम आला की नाटक कंपनीचा मालक गाडी घेऊन दारात. आणि दादा बॅग भरून तयार.

"शाले, एकच प्रयोग. मी पडूचंय नाय."

"तू राक्षस. पडल्याबगर नाटक संपता खंय?"

गाडी रिकामी परत जायची, मग आठवडाभर अबोला.

माझी मुलगी केतकी इंजिनीअरिंगला. सुट्टीत घरी आली की कॉम्प्युटरवर फायटिंगचे गेम, नाहीतर डीव्हीडी आणून मारामारीचे सिनेमे. मला हा प्रकार मुळीच पसंत नाही. आवाज फार, डोकं कमी. कालही हेच मत होतं, आजही आहे. पण दादा भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा बरं, म्हणून चालवून घेतलं.

तिने त्याला गेम शिकवला. तो प्रत्येक वेळी हरायचा.

"मामा, बटण दाबा ना! तो मारतोय!"

"थांब गो. आधी तेका बोलूक दी."

"तो बोलत नसतो, मामा!"

"मग मारता कसो? नाव नाय, गाव नाय, खंयच्या कुळातलो ता नाय. असा युद्ध करतत?"

दशावतारात दोघे आधी एकमेकांचं नाव-कूळ विचारतात, यथेच्छ अपमान करतात, आणि मग तलवार उचलतात. दादाचा हात त्याआधी उचललाच जायचा नाही. केतकी कपाळाला हात लावायची.

सिनेमातही तेच. हीरोने बंदुकीने अख्खी गच्ची साफ केली की याचं सुरू.

"हे सगळे मेले. तेंका आवस-बापूस नाय? एकाकडे तरी वळान बघूक होया मां त्या हीरोन!"

"मामा, ते गुंड आहेत."

"मगे मी कोण होतंय?"

हीरोकडे त्याचं लक्षच नसायचं. जिन्यावरून गडगडणारा एखादा बिननावाचा माणूस दिसला की रिमोट हातात घ्यायचा, मागे न्यायचा, पुन्हा बघायचा.

"ह्येका पडूक येता हां. शाले, हय ये, बघ. मान कशी सांबाळल्यान!"

मी बघायचे. सुटका नसायची.

गेल्या मोसमात मालक पुन्हा आला. मी भांडायच्या तयारीने दारात उभी. दादाने बॅग भरली नव्हती.

"मी येवचंय नाय."

"लोक तुमका इचारतत, दादानु."

"इचारूंदेत."

गाडी गेल्यावर दादा पायरीवर बसला. मग म्हणाला, "मसुऱ्याक पडलंय तेव्हा मी ओरडत होतंय गो. डॉक्टराक बोलवा म्हणान. लोकांका वाटला, डायलॉग."

मी त्याच्या बाजूला टेकले.

"तेंका दोष नाय. माझा कामच तसा होता. पण परत तसा नको."

जत्रेची गाडी गेली, दादा घरात आहे, हे कळूनसुद्धा त्या रात्री मी दोनदा उठून त्याच्या खोलीत डोकावले. मग मात्र झोपले. कित्येक महिन्यांनी.

काल बांगड्याचं तिखलं आणि भात जेवला. जास्तच जेवला. मग सिनेमा लावला. नेहमीचाच, स्फोटांवर स्फोट. मी आत भांडी आवरत होते.

"शाले."

एवढंच. त्या गदारोळातून मला ऐकू आलं.

बाहेर आले तर हात छातीवर, चेहरा घामाने निथळत होता. सुट्टीवर आलेल्या केतकीला डॉक्टरांकडे पिटाळलं आणि त्याचा हात धरून बसले.

"ता बंद कर गो. आवाज सोसना नाय."

टीव्ही बंद केला. त्याने माझ्याकडे बघितलं, मान किंचित हलवली, डोळे मिटले. डॉक्टर येण्याआधीच गेला.

रडणं त्यानंतरचं. ते आहेच. पण ज्याची मला इतकी वर्षं भीती होती, ते घडलं नाही. माझ्या भावाने हाक मारली, आणि ती खरी आहे हे ऐकणाऱ्याला कळलं. त्यामुळे स्टेजवरच्या मरणाचं कौतुक कृपा करून मला सांगू नका.

दादा, तुला तुझ्या शालूचा नमस्कार. निवांत जा.