फोटोमागचं वाक्य

कळंब्याच्या शिवलीलाला नवव्या वर्षापासून दिसत नाही. २००८ साली ती घरी बसून दुकानांच्या वेबसाइट तपासायची. संगणक पडद्यावरचं वाचून दाखवायचा, ती ऐकायची आणि अंधाला कुठं अडतं ते कळवायची. फोटो यंत्राला वाचता येत नाहीत. त्यामागं एक वाक्य लिहावं लागतं. अंधाच्या वाट्याला तेवढाच फोटो येतो.

गुळाचे व्यापारी चन्नाप्पा यांना परदेशी खरेदीदारानं अट घातली होती, साइट अंधांनाही वापरता आली पाहिजे. तसा दाखला शिवलीला देणार होती. अडलं साइटवरच्या एका फोटोवर. चन्नाप्पांच्या वडिलांचा, आप्पांचा.

शिवलीलाच्या भाचीनं, श्रुतीनं बघून सांगितलं, "आजोबा बसल्यात. लई हार हाईत. झोप लागलीया वाटतं."

शिवलीलानं फोन लावला.

"काका, फोटोत आप्पा काय करत्यात?"

"बसल्यात की. लिही, गिऱ्हाइकाचं स्वागत करत्यात."

"डोळे?"

"मिटल्यात."

"पाठीमागं?"

"भिंत."

"भिंतीला बांधलंय?"

फोनमधला गुळाच्या सौद्याचा गलका मागं पडला; चन्नाप्पा बाजूला आले होते.

"पोरी, तुला दिसतंय व्हय गं?"

दिसत नव्हतं, आठवत होतं. चन्नाप्पांच्या घरासारखंच तिच्याही घरात मृताला भिंतीला बांधून बसवतात, सजवतात, मग दफन करतात. ती दहा वर्षांची असताना कुणीतरी म्हणालं, "बाबा बसल्यात, जा जवळ." तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून शाळेतलं सगळं सांगितलं. गुडघा गार होता. भोवती घरभर माणसं होती. कुणी बोललं नाही.

"मी लिहिणार, आप्पांचं अंत्यदर्शन, देह बसवलेला आहे."

"खुळी का काय? फोटोनं आयुष्य कमी हुतं म्हणायचे आप्पा. जन्मात एकच निघाला, तोबी ते गेल्यावरच. गिऱ्हाईक पळंल की!"

"मग दाखला दुसऱ्याकडनं घ्या."

तिनं वाक्य घालून साइट परत पाठवली. आठ दिवसांनी फोन आला.

"ठेव तसंच." चन्नाप्पांचा आवाज उतरला होता. "काल दुकानात यंत्र लावून ऐकलं. वरीस झालं, रोज सकाळी त्या फोटोला गुळाचा दर सांगतोय मी. दिवाणजी, हमाल, समदी बघत्यात. कोण बोललं न्हाय बघ मला."

दाखला देण्याआधी शिवलीलानं साइट शेवटची ऐकली. यंत्र परक्या हेलात, सपाट म्हणालं, "देह बसवलेला आहे."

तिचा हात टेबलाच्या कडेवर होता. कड गार लागली. तिनं हात काढून घेतला.